शेवटचा हात

जो दुसऱ्याला 'निर्धास्त राहा' असे सांगतो, तो त्याच्या वाटणीचे जागरण आपल्या डोळ्यांवर घेतो. अन्न दिले, वस्त्र दिले, विद्या दिली की दात्याचा हात मोकळा होतो. अभयाचे तसे नाही. अभय दिले की देणाराच बांधला जातो, कारण घेणाऱ्याने त्या शब्दावर विसंबून आपली स्वतःची सावधता खाली ठेवलेली असते. पुढे एखाद्या दिवशी तो शब्द पोकळ होता असे देणाऱ्याला उमगले, तर पश्चात्ताप करीत बसायला त्याला सवड नसते. खाली ठेवलेली ती सावधता त्याने आधी त्या माणसाच्या हाती, वेळेत, परत द्यावी लागते. पेणच्या प्रणितावर ही पाळी चैत्रातल्या एका शनिवारी आली.

प्रणिता ही दिनानाथ मूर्तिकारांची मुलगी. पेणमध्ये त्यांचा शाडूच्या गणेशमूर्तींचा कारखाना. मुलगी मात्र पदार्थविज्ञान शिकून रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान प्रयोगशाळेत कामाला लागली होती. तिथे ग्राफीनच्या पत्र्यांपासून वायूची चाहूल घेणाऱ्या डब्या तयार होत. ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकपदरी पत्रा. मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनांची वीण, आणि जाडी केवळ एका अणूची. अशी वीण अखंड असली की वीज तिच्यातून निर्वेध धावते आणि वायूचे कण तिच्यावरून निसटून जातात. परंतु विणीतला एखादा अणू काढून टाकला, तर त्याला धरून असलेल्या शेजारच्या अणूंचे हात रिकामे राहतात. वाऱ्याबरोबर आलेला अमोनियाचा कण त्या रिकाम्या हातांत सापडतो, विजेचा प्रवाह बदलतो, आणि डबीवरचा हिरवा दिवा तांबडा होऊन ती ओरडू लागते. छिद्रे थोडी पडली तर पत्रा बहिरा राहतो. फार पडली तर त्याची चाळण होते आणि वीजच वाहत नाही. विरळ ऑक्सिजनच्या तेजाळ झोताखाली तो पत्रा नेमका किती वेळ धरायचा, यातच सारे कौशल्य होते, आणि ते प्रणिताच्या हाती आले होते.

प्रयोगशाळेच्या पहिल्या डब्या कुंडलिका नदीच्या काठी, अष्टमी गावाच्या पलीकडच्या कातकऱ्यांच्या वाडीत खांबांवर लावल्या होत्या. वाडीला लागूनच एक बर्फाचा कारखाना आहे. त्याच्या यंत्रांत थंडाव्यासाठी अमोनिया खेळवतात. शनिवारी दुपारी यंत्रात साचलेले तेल काढताना थोडा वायू बाहेर पडे, आणि त्या वेळचा पश्चिमेचा वारा तो सरळ वाडीवर आणी.

चैत्रातल्या त्या शनिवारच्या आदल्या गुरुवारी प्रणिता डब्या तपासायला गेली, तेव्हा मंगळी दारात मोळी सोडत होती. वाडीतल्या बायका तिचे ऐकत. तिचा नवरा काळू जाळ्याची गाठ मारता मारता मान वर न करता बोलला.

"आली डॉक्टरीन. आमच्या पोरांना ताप आला तर कोन फिरकत नाय, डबीला मातुर आठवड्याला तपासनी."

"काका, तुम्हाला पण तपासते, जीभ दाखवा," प्रणिता म्हणाली.

"त्याची जीभ नको बघू गो बाय," मंगळी हसली, "ती आख्खी वाडी रोज बघते."

"दिवा कसा आहे?"

"हिरवा. पोपटावानी हिरवा," काळू म्हणाला. "बदलत नाय, मिटत नाय. लय गुनाची हाय तुझी डबी."

"तर काय!" मंगळीने लाकडे बाजूला सारली. "गेल्या शनवारी डोळं चुरचुरलं, ही दर्शना खोकाय लागली. आधी असं झालं की आम्ही पोरं काखेत मारून टेकडीवं पळायचो, चुलीवं भाकर जळायची. आता पळत नाय. मी सगळ्यांना वरडून सांगितलं, थांबा गो, डबी बघा. डबी हिरवी. मंग बसलो गपचीप."

दर्शना म्हणजे मंगळीची चार वर्षांची नात. ती प्रणिताच्या पिशवीतल्या वायरी ओढत होती.

"वास किती वेळ होता, मावशी?"

"माझ्या भाकऱ्या व्हईपत्तोर."

प्रणिताच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, पण आतून विरले. तिने डबीतली नोंद फोनवर उतरवून पाहिली. शनिवारची रेघ इतर दिवसांच्या रेघेसारखीच सरळ होती, दोरी ताणून आखावी तशी. या सरळपणाचेच तर प्रयोगशाळेत कौतुक झाले होते. 'वास फार सौम्य असेल,' असे तिने स्वतःला सांगितले, आणि सांगता सांगताच तिला कळले की डोळे चुरचुरावेत एवढा वास डबीने ओळखलाच पाहिजे.

शुक्रवारचा दिवस तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक. बॅटऱ्या पाहिल्या, सांधे पाहिले, पत्रे विणतानाचे सगळे आकडे पुन्हा तपासले. कुठे काही चुकले नव्हते, आणि वासाची परीक्षा तर सुरुवातीलाच झाली होती. एका जागी तिला बसवेना. चहा घेतला तो निवला. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

शनिवारी सकाळी ती रोह्याला निघायच्या बेतात असतानाच दिनानाथांनी कारखान्यातून हाक मारली. बाहेरगावी जाणाऱ्या बिनरंगाच्या मूर्तींची गाडी दारात उभी होती, आणि चैत्राच्या उन्हाने काही मूर्तींना केसासारख्या चिरा गेल्या होत्या.

"जरा हात लाव गो. सोंडेमागे माझी बोटं आता जात नाहीत."

त्या कारखान्याचा एक दंडक होता. शेवटचा हात फिरल्याशिवाय मूर्ती उंबरठ्याबाहेर जात नसे. पातळ कालवलेली शाडू ब्रशाने चिरेत भरायची, ओल्या बोटाने ती जागा सारखी करायची, मूर्ती उजेडात फिरवून पाहायची, मग गाडी. व्यंग राहिलेली मूर्ती कोणाच्या देव्हाऱ्यात जाता कामा नये, ही त्यामागची श्रद्धा. प्रणिताची बोटे लहानपणापासून निमुळती, म्हणून कानामागचा आणि सोंडेखालचा शेवटचा हात कित्येक वर्षे तिचाच होता.

ती पाटावर बसली. पलीकडे पोपट नावाचा जुना कारागीर मूर्ती गवतात बसवत होता. त्याला तिची थट्टा केल्यावाचून राहवत नसे.

"ताई, तुमच्या तिकडं म्हणे चांगल्या पत्र्याला भोकं पाडतात. आम्ही इथं बुजवून बुजवून म्हातारे झालो. एवढी शाळा शिकून उलटंच काम काढलंत की!"

"सगळी भोकं बुजवायची नसतात, पोपटदादा," ती म्हणाली. बोट कानामागून फिरत होते. चीर भरली, पृष्ठ गुळगुळीत झाले, आणि तिचा हात तिथेच थांबला.

"काय गो, काय झालं?" दिनानाथांनी विचारले.

"बाबा, मी तिकडेही हेच केलं."

"काय केलंस?"

"शेवटचा हात फिरवला."

"मग बरंच की!"

"नाही बाबा." तिने ब्रश पाण्यात टाकला. तिला आता सगळे दिसत होते. छिद्रे पाडून झाली की पत्र्यावरची रेघ थरथरत असे, आणि थरथरणारी वस्तू दाराबाहेर पाठवायला तिचे मन घेत नव्हते. म्हणून वाडीत लावायच्या पत्र्यांना तिने जाता जाता थोडी धग दिली होती, मूर्ती उजेडात फिरवून पाहावी इतक्या सहजपणे. रेघ निवली, सरळ झाली. पण धग दिली ती पत्रे जिथे विणले जात त्याच भट्टीत, आणि त्या भट्टीच्या अंगाला आधीच्या विणकामातला कार्बन चिकटून राहिलेला असतो. उष्णतेने तो सुटला असणार, आणि रिकाम्या हातांनी जवळचे जे मिळाले ते धरले असणार. "छिद्रं भरून आली, बाबा. मी बुजवली. वास पकडतात का ते आम्ही आधी पाहिलं होतं. धग दिल्यावर पुन्हा कोणी पाहिलंच नाही. आणि तिकडे लोक त्या दिव्याकडे बघून बसून राहतायत. आज शनिवार आहे. दुपारी ते तेल काढतील."

दिनानाथांना अणू आणि भट्टी यांतले फार कळले असेल असे नाही. मुलीचा चेहरा त्यांना कळला. त्यांनी तिच्यासमोरची मूर्ती उचलून बाजूला ठेवली.

"मग बसलीस काय? ऊठ. हात वाटेत पूस."

तिने आधी काळूचा फोन लावून पाहिला. तो लागेना, वाडीतले मोबाइल बहुधा अष्टमीतल्या दुकानात चार्जिंगला ठेवलेले असत. मग ती स्कूटरवर निघाली. महामार्गावर ट्रकांची रांग होती. नागोठण्यापाशी अंबा नदीच्या पुलाआधी वाहतूक तुंबली, तेव्हा तिने उभ्याउभ्याच प्रयोगशाळेचे प्रमुख ऋत्विक यांना फोन करून सगळे सांगितले.

"आधी इकडे ये," ते म्हणाले. "खात्री केल्यावाचून वाडीत एक शब्द बोलायचा नाही. तुझा तर्क आहे हा."

तर्क खोटा ठरावा अशी तिचीही आतून इच्छा होती, आणि त्या इच्छेपायीच ती सरळ वाडीवर न जाता प्रयोगशाळेत गेली.

ठेवणीतल्या दोन डब्या टेबलावर मांडल्या. एकीच्या पत्र्याला धग दिलेली, दुसरीच्या पत्र्याला न दिलेली. ऋत्विक यांनी कापसाचा बोळा अमोनियाच्या पाण्यात बुडवून दोन्हींच्या मध्ये धरला. दुसरी तात्काळ तांबडी होऊन ओरडू लागली. पहिलीचा दिवा हिरवाच राहिला. त्यांनी बोळा तिला टेकवला. दिवा हिरवा.

ऋत्विक खुर्चीत बसले. "हे तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगण्यासारखं काही केलं असं वाटलंच नाही, सर. भांडं घासून झालं की पुसतोच ना, तसं."

"आणि मी त्या सरळ रेघेचा फोटो भिंतीवर लावला." त्यांनी कपाळ चोळले. "हे बघ. सोमवारपासून नवे पत्रे करायला घेऊ. झाले की दुरुस्तीच्या नावाखाली डब्या बदलून टाकू. आज जाऊन सांगितलंस, तर उद्याची चांगली डबीसुद्धा ते नदीत फेकतील. मग कधीच काही लावता येणार नाही तिथे. यात त्यांचंही नुकसान आहे, प्रणिता."

"आज शनिवार आहे, सर."

"शनिवारी थोडा वास येतो. वर्षानुवर्षं येतोय."

"वर्षानुवर्षं ते पळत होते. आता आपण त्यांना बसवून ठेवलंय."

ऋत्विक काही दुष्ट गृहस्थ नव्हते; उभे केलेले काम कोसळताना दिसले की चांगला माणूसही क्षणभर त्याला टेकू शोधतो. त्यांनी फोन हातात घेतला. "तू नीघ. मी बर्फाच्या कारखान्याला सांगतो, आज तेल काढू नका म्हणून."

ती पायऱ्या उतरत असतानाच त्यांचा आवाज मागून आला, "उचलत नाही गं कोणी!"

कुंडलिकेच्या पुलावर वारा समोरून येत होता. अष्टमीची दुकाने मागे पडली, रस्ता नदीकडे वळला, आणि त्या वळणावरच तो वास तिच्या नाकात शिरला. डोळ्यांत पाणी आले. नेहमीच्या शनिवारपेक्षा आज वायू अधिक सुटला होता. स्कूटर बांधावर टाकून ती धावत सुटली.

वाडीत माणसे खांबाभोवती जमली होती. बायकांनी पदर तोंडाला लावले होते. काळू नाकावर टॉवेल धरून दिव्याकडे बोट दाखवत होता.

"अरं हिरवी हाय ना! वास उगी येतोय, जाईल."

"काका, टेकडीवर चला! सगळे! डबी बहिरी आहे!"

"बहिरी?" काळूने टॉवेल काढला. "गुरवारी तर तूच तिला कुरवाळून गेलीस!"

"मीच बहिरी केली तिला. मला मागून शिव्या द्या. आधी पोरं उचला!"

काळू तोंड उघडून बघत राहिला. मंगळीने मात्र एकदाच प्रणिताच्या डोळ्यांत पाहिले आणि दर्शनाला खांद्यावर टाकले. "उचला गो!" ती गरजली, "चला, वाऱ्याला आडवं चला!" त्या आवाजासरशी जुनी सवय जागी झाली. कोणी पोरे घेतली, कोणी म्हाताऱ्यांना धरले, कोणी शेळ्यांची दावी कापली. एका आजारी म्हाताऱ्याला प्रणिता आणि काळू यांनी आळीपाळीने पाठंगुळी नेले.

टेकडीवर करवंदीच्या जाळ्यांपाशी माणसे मोजून झाली. सर्व होती. डोळे लाल, घसे कोरडे. पोरे रडत होती. खाली कारखान्यात आता धावपळ दिसत होती. प्रणिताने सगळे सांगितले. काही झाकले नाही, आणि पत्र्याचे शास्त्रही मध्ये आणले नाही. डबीच्या आत जे घडले ते तिने एवढ्याच शब्दांत सांगितले: ज्या भोकांनी डबी हुंगते, ती मी बुजवली, चांगले दिसावे म्हणून.

"आमचं नाक होतं ते बरं होतं," काळू म्हणाला. "नाकाला दिवा नव्हता, म्हनून कोन फसत नव्हतं."

"बरोबर आहे, काका."

"बरोबर हाय म्हनं! हिला बोल लागत पन नाय."

"लागलेत. पण तुम्ही बोला."

मंगळी दर्शनाचे डोळे ओल्या पदराने पुसत होती. पुसता पुसताच तिने विचारले, "नवी आनशील ना?"

"आणीन. तुम्ही म्हणाल तर."

"ती बहिरी नाय हे आम्हाला कशावरनं कळायचं? तू सांगशील म्हनून?"

प्रणिताकडे आकडे होते, आलेख होते. ते सगळे पुन्हा 'मी सांगते म्हणून' एवढ्यावरच येऊन थांबत होते. ती उठली, दोन पावले गेली, परत आली. वाटेवरच्या दगडावर बसली आणि पुन्हा उठली. मंगळीने कनवटीची चंची सोडून पानाला चुना लावायला घेतला होता. प्रणिताची नजर त्या चुन्यावर अडकली.

"मावशी, नवसागर मिळतो का इथे?"

"का गो, भांड्यांना कल्हई लावायची हाय?" काळूने टोमणा मारला.

"मिळतो अष्टमीच्या दुकानात," मंगळी म्हणाली. "चुन्यात चोळून सर्दीला हुंगतात तो ना? नाकातनं जाळ निघतो."

"तोच जाळ. आज खाली सुटलाय तोच वायू, चिमूटभर." प्रणिता तिच्यापुढे बसली. "नवी डबी लावली की रोज सकाळी तिच्याखाली तळहातावर चोळा. ओरडली तर जागी आहे. नाही ओरडली तर मला विचारूच नका. काढा आणि फेका, आणि नाकावर चाला."

मंगळीने पान तोंडात टाकले आणि सावकाश चघळले. "फेकू," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी, वास ओसरल्यावर, वाडीतल्या सगळ्या डब्या प्रणिताने स्वतः उतरवल्या. पुढचे काही आठवडे तिने नव्या पत्र्यांवर काम केले. तेजाळ झोताखालून पत्रा बाहेर येई, आणि पडद्यावरची त्याची रेघ माणसाच्या कापऱ्या हातासारखी हलत राही. भट्टीचे दार तिच्या डाव्या हाताला होते. तिची बोटे तिकडे वळत. मग ती दोन्ही हात एकमेकांत गुंफून बसे आणि ती अस्वस्थ रेघ बघत राही, तिची डोळ्यांना सवय होईपर्यंत. ऋत्विक यांनी भिंतीवरचा सरळ रेघेचा फोटो काढून टाकला, आणि डबी दाराबाहेर पडण्यापूर्वीची अखेरची परीक्षा वासाचीच असेल, असा नियम केला. बर्फाचा कारखाना तेल काढण्याआधी वाडीत माणूस पाठवू लागला.

नवी डबी लागली त्या सकाळी मंगळीने तळहातावर चुना आणि नवसागर चोळला आणि हात वर केला. डबी किंचाळली. शेळ्या उधळल्या, दर्शनाने कान झाकले, आणि काळूला हसता हसता ठसका लागला.

"आता लय वरडते," आठ दिवसांनी त्याने तक्रार केली. "शेळी मुतली तरी बोंबलते. झोप नाय."

"बोंबलू दे," मंगळी म्हणाली. "तुला नायतरी काय काम हाय?"

दिवा हिरवा असो वा तांबडा, शनिवारी दुपारी मंगळी पोरांना घेऊन टेकडीवर जाते. प्रणितानेही तिला कधी 'आता गरज नाही' असे म्हटलेले नाही; त्या दिवशी ती स्वतःही करवंदीपाशी जाऊन बसते.

त्या पत्र्यांमधली रिकामी जागा रिकामी राहो, आणि वाडीतली लेकरे खोल श्वास घेऊन झोपोत. मंगळीच्या चंचीतला चुना न सरो. आणि पेणच्या त्या कारखान्यात सोंडेमागची चीर बुजवणारी निमुळती बोटे, कुठे फिरावे आणि कुठे थांबावे हे जाणून, दीर्घकाळ कार्यरत राहोत. शुभं भवतु.